नऊ नंबरला शिव्या घालायच्या आधी

शनिवारी फुटबॉलमध्ये आमचं बेळगावचं कॉलेज घरच्या मैदानावर एक-शून्यनं हरलं. 'आमचं' म्हणजे, मी तिथून बाहेर पडून चोवीस वर्षं झाली. पण भाचा आता तिथंच बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि टीममध्ये हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळतो, म्हणून परत आमचं. रविवारी सकाळी टिळकवाडीत दूध आणायला गेलो, तर रांगेतच निकाल लागून गेलेला. नऊ नंबर, म्हणजे गोल मारायला पुढं खेळणारा आमचा फॉरवर्ड, बेकार. "त्याच्या जागी माझा म्हातारा उभा केला असता तर त्यानं बी एक घातला असता," असं एकजण म्हणाला. त्याचा म्हातारा मला माहीत आहे. नसता घातला.

मी ती मॅच पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बघितली. नुसती बघितली नाही, लिहून घेतली. उद्यमबागेत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. जॉब रिजेक्ट होऊन परत आला की मशीनवरच्या पोराला लगेच शिव्या घालायच्या नाहीत, हे मी नुकसान सोसून शिकलोय. आधी ड्रॉइंग बघायचं, मग मटेरियल, मग टूल, मग मशीन हललंय काय ते, आणि सगळ्यात शेवटी पोरगा. खिशात छोटी डायरी असतेच. शनिवारी तिच्यात एकच गोष्ट मांडली: नऊ नंबरकडं बॉल किती वेळा आला, कसा आला आणि तेव्हा त्याचं तोंड कुठं होतं.

पहिल्या हाफमध्ये अकरा वेळा आला. त्यातले आठ वरून, आमच्या बॅकनी, म्हणजे बचावातल्या पोरांनी, उंच उचलून मारलेले. आठही वेळा त्याची पाठ गोलकडं आणि अंगावर दोन स्टॉपर, म्हणजे त्यांचे मधले बॅक. दोन वेळा बॉल खालून आला, पण तेव्हा तो बिचारा बॉल मागायला आपल्याच अर्ध्यात येऊन उभा होता. राहिला एक. तो एक बॉल त्याला डीच्या, म्हणजे गोलपुढच्या चौकटीच्या, तोंडावर, गोलकडं तोंड करून मिळाला आणि त्यानं तो बाहेर मारला. अख्ख्या गल्लीच्या लक्षात तो एकच शॉट आहे. पोरगं हुकलं, खरं आहे. पण पस्तीस-चाळीस मिनिटं उपाशी ठेवून एक घास समोर धरायचा आणि तो सांडला म्हणून हात धुऊन मागं लागायचं, हा कुठला न्याय?

आता ड्रॉइंगकडं येऊ. म्हणजे मैदानाकडं.

कॉलेजची नवी इमारत चाललीय. त्याची खडी, वाळू आणि सळ्या मैदानाच्या पूर्वेच्या बाजूला येऊन पडल्यात. वाळूचा ट्रक आत यायचा-जायचा, त्याच्या चाकांनी लाल मातीत हातभर खोल चर पडलेत, आणि शुक्रवारी रात्री पाऊस झाल्यावर त्या चरांत पाणी. मग मॅचच्या दिवशी सकाळी काय केलं, तर पूर्वेची रेघ आत सरकवली. खडीपासून लांब, चरांच्या अलीकडं. चुना मारला, झेंडे रोवले, काम झालं. दिसायला मैदान एकदम झकास दिसत होतं.

मी बाहेरून पावलं टाकून रुंदी मोजली, साधारण बावन्न मीटर भरली. नियमात बसतं. फुटबॉलच्या नियमात रुंदी ४५ पासून ९० मीटरपर्यंत कितीही चालते. मात्र आंतरराष्ट्रीय सामन्याला ६४ ते ७५ लागते, आणि टीव्हीवर आपण जी मोठी स्टेडियमं बघतो त्यातली बरीच १०५ बाय ६८ ची असतात. रेफरीनं हरकत घ्यायचं काहीच कारण नव्हतं. पण जरा गणित करून बघा. समोरच्या टीमचे चार बॅक ओळीनं उभे आहेत. ६८ मीटर रुंदी असेल तर एकेकाच्या वाट्याला सतरा मीटर येतात, बावन्नला तेरा. दोघांच्या मधून बॉल सारायला जी फट लागते, ती माणसामागं चार मीटरनं आटली. आणि त्या धारवाडकडच्या पोरांनी तर चारांच्या पुढं आणखी चार उभे केले होते. लग्नाच्या पंगतीत वाढपी आत शिरायला वाट शोधतो, तशी आमची पोरं वाट शोधत होती.

गंमत अशी की जो संघ बचाव करून एखाद्या गोलवर मॅच काढायला आलाय, त्याला अरुंद मैदान म्हणजे मागितल्याशिवाय मिळालेला प्रसाद. आम्ही तो आमच्याच हातानं, आमच्याच चुन्यानं दिला.

खरं दुखणं तर त्याच्याही आधीचं आहे. पावसाळाभर कॉलेजच्या मैदानात चिखल, म्हणून पोरं सरावाला जातात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, सकाळी सहाला. मोकळं मैदान, कडेनं झाडं, फिरायला येणारी माणसं, एका कोपऱ्यात क्रिकेट. तिथं आमच्या पोरांना फुटबॉलच्या रेघा कोण मारून देणार? सॅक ठेवून गोल करायचे आणि सुरू. बॉल फिरायला येणाऱ्या आजोबांच्या पायात गेला की तो आऊट, असा साधारण नियम.

आमचा उजवा विंगर खानापूरकडचा. पहिली बस पकडून सरावाला येतो, पळायला लागला की हरणासारखा. तीन महिने त्यानं काय सराव केला? समोरच्या बॅकला बाहेर, आणखी बाहेर, पार झाडांपर्यंत ओढत न्यायचं आणि मग आत वळायचं. रेघच नसलेल्या मैदानावर हे जमतं, आणि काय सुंदर जमतं! शनिवारी पहिल्या हाफमध्ये तो सहा वेळा बॉलसकट रेघेच्या बाहेर गेला. दर वेळी थांबून खाली रेघेकडं असा बघायचा, की ही कुणी रात्रीत इथं आणून टाकलीय. आणि खरंच कुणीतरी आणूनच टाकली होती की! आम्ही सीमाभागातली माणसं. आपल्याला न विचारता रेघ सरकते, याचं आम्हाला तरी नवल वाटायला नको.

डावीकडं वेगळीच तऱ्हा. तिकडची रेघ जागची हलली नव्हती, पण त्या बाजूला गवत राखलेलं आणि ओलं, बॉल सरसर घसरायचा. मधल्या पट्ट्यात चिखल, तिथं बॉल जागच्या जागी बसायचा. म्हणजे हाफनं मधून मारलेला पास अर्ध्या वाटेत थांबणार आणि तोच पास डावीकडं मारला तर विंगरच्या पुढून निघून जाणार. एका मैदानात दोन मैदानं. बेळगावच्या माणसाला हे कळायला पाहिजे. आपल्याकडं येळ्ळूर-वडगावच्या शिवारात काळी माती आणि पश्चिमेला गेलं की लाल. दोन्हीकडं एकच नांगर, एकच खोली धरून चालवून बघा!

कॉलेजनं बॉल नवे घेतलेत म्हणे, पण शनिवारी मॅचला आला तो जुनाच, शिवण थोडी उसवलेला. नियमात बॉल सुरुवातीला ४१० ते ४५० ग्रॅमचा असावा लागतो. हा तेवढा असेलही, पण अर्ध्या तासात पाणी पिऊन तो कलिंगडासारखा झाला होता. बॅकच्या उंच लाथा त्यामुळं नऊ नंबरच्या अलीकडंच पडायच्या, आणि तो पुढं पळालेला परत मागं. असो. बॉल दोन्ही टीमला सारखाच होता, ही सबब मी फार ताणणार नाही.

जी ताणणार आहे ती दुसरी. आमची टीम एरवी दोन फॉरवर्ड घेऊन खेळते, ४-४-२, म्हणजे चार बॅक, चार हाफ, दोन फॉरवर्ड. त्यातला एक पोरगा आदल्या आठवड्यात स्कूटर घसरून पडला, घोटा सुजला. सरांनी त्याच्या जागी फॉरवर्ड न घेता हाफमध्ये एक वाढवला आणि नऊ नंबरला पुढं एकटा सोडला. सरांना मी नावं ठेवत नाही. तो माणूस कबड्डी, व्हॉलीबॉल, फुटबॉल सगळं एकट्यानं ओढतो आणि शिवाय परीक्षेचं सुपरव्हिजन. पण एकट्या फॉरवर्डला खेळवायचं तर त्याच्या जवळ कुणीतरी दहा पावलांत पाहिजे. शनिवारी त्याच्या सगळ्यात जवळचा आमचा माणूस तीस पावलांवर होता, आणि तो माणूस म्हणजे माझाच भाचा.

आमच्या वेळी एक हवालदार सर होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, कॅम्पातून सायकलवर यायचे, सायकलला पुढं बॉलची जाळी अडकवलेली. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचे. त्यांनी आम्हाला पहिले पंधरा दिवस बॉल गोलकडं मारूच दिला नाही. नुसती भिंत. शाळेच्या मागच्या भिंतीवर पास मारायचा आणि परत आलेला बॉल पळता पळता घ्यायचा. सोळाव्या दिवशी भिंतीच्या जागी एक पोरगा उभा केला आणि म्हणाले, "अब ये दीवार है. फरक इतकाच, की ही दीवार दमते." म्हणजे पुढचा जो फॉरवर्ड पाठ करून उभा आहे त्याला बॉल द्यायचा तो त्यानं गोल मारावा म्हणून नाही, त्यानं तो परत तुमच्या पायात ठेवावा म्हणून. आणि त्यासाठी देणाऱ्यानं बॉल दिल्यावर पुढं पळायला पाहिजे. देऊन उभा राहिलास की संपलं. मी डावा बॅक होतो, आयुष्यात गोल मारले दोन, पण ही एक गोष्ट आजही झोपेत जमेल.

शनिवारी दीवार होती, पळणारा नव्हता. नऊ नंबरनं छातीवर घेतलेले चार बॉल मी मोजलेत. चारही वेळा त्यानं डावी-उजवीकडं बघितलं, कुणी नाही, तेवढ्यात मागून स्टॉपर आला आणि घेऊन गेला. चौथ्या वेळी पोरानं दोन्ही हात पसरले. गॅलरीतनं आवाज आला, "हात काय पसरतोस गा, पाय पसर की!" माझ्या शेजारी बसलेला एकजण हसून हसून भडंगाची पुडी सांडून बसला.

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, बेळगावची टीम म्हणजे भाषेचा घोळ होत असणार. अजिबात नाही. आमच्या टीममध्ये निम्मी पोरं मराठी, चार गोकाक-बैलहोंगलकडची कन्नड, गोलकीपर घरात उर्दू बोलणारा, एक बॅक कॅम्पातला, तो इंग्रजीत शिव्या देतो. "मागं हाय!" आणि "हिंद अदान!" दोन्ही सगळ्यांना कळतं, "लगू बा", म्हणजे लवकर ये, म्हटलं की मराठी पोरगंही पळतं. घोळ हाकेचा नव्हता. हाक मारायला जवळ कुणीच नव्हतं, हा होता.

आणि थ्रो. हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. अरुंद मैदान, त्यामुळं बॉल सारखा बाहेर, म्हणून आम्हाला थ्रो, म्हणजे रेघेवरून हातानं बॉल आत फेकणं, भरपूर मिळाले. एरवी पास सुटताना फॉरवर्ड समोरच्या शेवटच्या बॅकच्याही पलीकडं, गोलकडं असला तर तो ऑफसाइड धरतात. पण थ्रोवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. कॉर्नरला नसतो, गोलकिकला नसतो, तसा थ्रोलाही नसतो. इतका जुना, इतका साधा नियम. म्हणजे थ्रोच्या वेळी फॉरवर्डनं खुशाल बॅकच्या मागं जाऊन उभं राहावं, त्याला कुणी काही म्हणू शकत नाही. आमचा नऊ नंबर काय करत होता? प्रत्येक थ्रोला समोरच्या शेवटच्या बॅककडं बघत बघत, शिस्तीनं पाऊल पाऊल मागं येऊन ओळीत उभा राहत होता! ऑफसाइड होऊ नये म्हणून! मी ओरडलो, "थ्रो हाय रे, जा की पुढं!" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आणखी एक पाऊल मागं आला. बहुतेक मला समोरच्या टीमचा समजला.

ही चूक त्याची म्हणायची तर म्हणा. पण एकोणीस वर्षांच्या पोराला हे कुणी सांगितलंच नसेल तर? ऑफसाइडचा सापळा आला की पोरं त्याला इतकी भितात की नियमाचा जो भाग त्यांच्या बाजूनं आहे तोही सोडून देतात. १९२५ पर्यंत फॉरवर्ड आणि गोललाइन यांच्यामध्ये गोलकीपर धरून समोरचे तीन खेळाडू असावे लागायचे. त्या वर्षी नियम बदलून दोन केले, का, तर गोलच होईनात म्हणून. नियम करणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी फॉरवर्डला सूट दिली, आणि आमचं पोरगं ती घ्यायला तयार नाही.

कॉर्नरचं थोडक्यात सांगतो. पूर्वेच्या कोपऱ्यात झेंड्याच्या मागं लगेच चर, पळत यायला जागा नाही, म्हणून तिकडचे सगळे कॉर्नर दोन पावलांवरून मारलेले आणि पहिल्याच बॅकच्या डोक्यावर.

त्यांचा गोल दुसऱ्या हाफमध्ये झाला, आमच्याच एका लांब लाथेतून. बॉल त्यांच्या स्टॉपरनं डोक्यानं परत पाठवला, आमचे सगळे पुढं गेलेले, दोन पासमध्ये त्यांचा माणूस गोलकीपरसमोर. त्यांनी मॅचभरात तीन वेळा आमच्या डीमध्ये पाय ठेवला असेल. त्यांचं कौतुकच करायला पाहिजे, कारण त्यांना काय येतं हे त्यांना माहीत होतं आणि त्याबाहेरचं त्यांनी काहीही केलं नाही. गोल झाल्यावर आमची शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मी लिहिलीच नाहीत. लिहिण्यासारखं काही नव्हतं. नुसतं उचल आणि मार, जत्रेत रिंग टाकतात तसं.

मॅच संपल्यावर भाच्याला स्कूटरवर मागं बसवलं. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, तोंडातनं शब्द नाही. घरी आक्कानं दारातच बादली ठेवली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मला म्हणाली, "तू काय बोलू नको त्याला." मी बोललोच नाही. जेवताना त्यानंच विषय काढला.

"मामा, तू लिहून काय घेतालतास?"

मी डायरी दिली. भात कालवता कालवता त्यानं पानं बघितली. अकराचा आकडा, आठचा आकडा. मग एका ओळीवर बोट ठेवलं, जिथं मी त्याच्याबद्दल लिहिलं होतं: 'आठ नंबर, पास देऊन उभा. ९ वेळा.'

"मी उभा नव्हतो. मागं कोण राहणार मग? सरांनी सांगितलेलं, जागा सोडू नको म्हणून."

हेही खरं होतं. माझ्या डायरीत ते नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला पोरगा उभा दिसतो, त्याला कुणी उभा केलाय ते दिसत नाही. मी पेन घेतलं आणि त्या ओळीपुढं लिहिलं, 'सांगितलेलं.' तो म्हणाला, "आणि ह्यो नऊ नंबर रूमवर जाऊन जेवला नाही. फोन केल्तो मी." आक्का लगेच म्हणाली, त्याला उद्या इकडं जेवायला बोलव.

तो रविवारी दुपारी आला. निपाणीकडचा पोरगा, सहा फुटाला थोडा कमी, घरात शिरताना उगीचच वाकला. एक शब्द फुटबॉलचा काढायचा नाही असं ठरलं होतं, पण कुंद्याची वाटी समोर आल्यावर त्यानंच विचारलं, "मामा, थ्रोला ऑफसाइड नसतो म्हणं, खरं काय?" मी आणि भाचा दोघंही हसलो. मग कोल्हापूरचा विषय निघाला, शाहू स्टेडियमवरच्या गर्दीचा, आणि तिथल्या अनिकेत जाधवचा, जो २०१७ ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या पुढच्या फळीत खेळला. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं पोरगं. नऊ नंबरनं त्याचे व्हिडिओ कितीदा बघितलेत ते सांगितलं, आणि कुंदा दुसऱ्यांदा घेतला.

संध्याकाळी तिघंही टेप घेऊन मैदानावर गेलो. वर्कशॉपमधली तीस मीटरची टेप, दोनदा लावली. एक्कावन्न मीटर साठ सेंटिमीटर. भाच्यानं खडीच्या ढिगावर चढून जुन्या रेघेची खूण शोधली, चुन्याचा पुसट पट्टा अजून होता, चरांच्या पलीकडं. तिथून मोजली तर त्रेसष्टच्या वर भरली. म्हणजे पुरे बारा मीटर खडीनं खाल्लेले.

वॉचमन लांबून बघत होता. जवळ आला आणि म्हणाला, काय मोजालाईसा, खडी आणखी दोन ट्रक यायची हाय, दिवाळीपर्यंत असंच.

भाच्यानं टेप गुंडाळली. पुढची मॅच कुठं आहे, मी विचारलं.

"बाहेरगावी," नऊ नंबर म्हणाला. "बरं झालं."